मूळ खोक्याशिवाय

१

एकतीस वर्षं मी विकलेल्या वस्तू परत घेण्याच्या काउंटरवर बसतोय, आणि समोर कुणीही आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मूळ खोकं कुठंय?" लोक चिडतात. इस्त्री बिघडली, त्यात खोक्याचा काय संबंध, म्हणतात. दुकानात मला सगळे 'परतवाले काका' म्हणतात, पाठीमागे त्याहून वाईट काहीतरी म्हणत असणार. म्हणोत बापडे. खोक्यावर नंबर असतो, वस्तूच्या पाठीवर तोच नंबर असतो, दोन्ही जुळले की निम्मी भांडणं जागच्या जागी मिटतात. उरलेल्या निम्म्यांत मला माणसांचं ऐकून घ्यावं लागतं, आणि बिघडलेल्या वस्तूबद्दल माणसं इतक्या थापा मारतात की विचारू नका. पाण्यात पडलेला मोबाइल आजवर एकानेही पाण्यात पाडलेला नाही.

शनिवारी सकाळी दुकान उघडून दहा मिनिटं झाली असतील. पन्नाशीचा एक गृहस्थ आला. कडक इस्त्रीचा शर्ट आणि आठवडाभराची दाढी. त्याने कापडी पिशवीतून बीपी मोजायचं मशीन काढलं आणि काउंटरवर अगदी हळू ठेवलं. रागावलेली माणसं वस्तू आपटतात. हा आपटत नाही म्हटल्यावर मी चष्मा पुसून घेतला.

"हे मशीन सदोष आहे. मला तसं लिहून हवंय."

"मूळ खोकं?"

"नाहीये. घरभर शोधलं."

पावती मात्र होती. तीन महिन्यांपूर्वीची, आमच्याच दुकानाची.

"बिघाड काय आहे?"

"खोटे आकडे दाखवतं." तो थांबला. मग एका दमात म्हणाला, "माझी आई गेली. सोमवारी दुपारी. डोक्यात रक्तस्राव झाला. डॉक्टर म्हणाले, प्रेशर भलतंच वाढलेलं असणार. आणि त्याच दिवशी सकाळी हे मशीन एकशे सव्वीस दाखवत होतं."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

त्याने मोबाइल पुढे केला. आई रोज सकाळी प्रेशर मोजायची आणि स्क्रीनचा फोटो काढून मुलाला आणि मुलीला पाठवायची. एकशे चोवीस, एकशे सव्वीस, एकशे बावीस. डॉक्टरांनाही हेच फोटो दाखवले होते, ते छान म्हणाले होते. प्रत्येक फोटोत स्क्रीनच्या कोपऱ्यात एक लहानसं हृदयाचं चिन्ह होतं, ठोके अनियमित पडतात तेव्हा येतं ते.

"हे बघा. रोज हे चिन्ह. आईच्या ठोक्यांत कधीच काही नव्हतं, तिचे सगळे रिपोर्ट आहेत माझ्याकडे. म्हणजे मशीन पहिल्यापासूनच बिघडलेलं. मी तिला सांगितलं होतं, चांगल्यातलं घे. तिने सवलतीतलं उचललं."

"तिने म्हणजे?"

"माझ्या धाकट्या बहिणीने. तिच्यामुळे आई गेली, काका. तेवढं मला कागदावर हवंय."

आमच्या फॉर्मवर खाली दोन चौकोन असतात. एकात सदोष, दुसऱ्यात निर्दोष. एकावर खूण करायची, सही करायची, शिक्का मारायचा. मी हजारो वेळा केलंय. टोस्टर, पंखे, कानात घालायची ती बटणं. पण एखाद्या बाईने आपल्या आईला मारलं की नाही, हे त्या चौकोनात लिहायची पाळी आजवर आली नव्हती.

मी पट्टा माझ्याच दंडाला बांधला आणि बटण दाबलं. मशीन गुरगुरलं, फुगलं, सुटलं. एकशे अडतीस. दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर मोजलं. एकशे छत्तीस. हृदयाचं चिन्ह दोन्हीकडे नव्हतं. मग मी मागच्या नोंदी काढायचं बटण दाबलं. या मशीनमध्ये शेवटच्या तीस नोंदी राहतात, नवी आली की सगळ्यात जुनी पुसली जाते.

सगळ्यात वर माझी नोंद होती. तिच्या खालची नोंद सकाळी सात वाजून दहा मिनिटांची होती. आकडा एकशे अठ्ठावीस, शेजारी हृदयाचं चिन्ह.

वार मात्र शुक्रवार होता.

२

"तुमच्या आई सोमवारी गेल्या म्हणालात ना?"

"सोमवारीच."

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि एक एक नोंद मागे नेली. शुक्रवार, सात दहा. गुरुवार, सात बारा. बुधवार, सात दहा. मंगळवार, सात अकरा. मग सोमवार, सात दहा, एकशे सव्वीस, जो फोटो त्याच्याकडे होता तो. बाई गेल्यानंतर चार दिवस तिची सकाळची नोंद न चुकता होत राहिली होती, त्याच वेळेला, तेच आकडे, तेच चिन्ह.

त्याने स्वतः बटण दाबून नोंदी पुन्हा पाहिल्या. मग त्याला हवा तो अर्थ सापडला. "बघा! कुणी न लावताच आकडे दाखवतंय. सदोषच आहे."

"साहेब, पट्टा हवेने भरून दंडावर दाब आला नाही, तर हे मशीन चूक दाखवून बंद पडतं. आपणहून आकडा काढत नाही. कुणीतरी दंड दिलाय त्यात."

घड्याळ तपासलं. मिनिटभराचाही फरक नव्हता.

मग मी पट्टा हातात घेतला. इथं माझा जुना धंदा कामी येतो. या काउंटरवर बसण्याआधी मी रेडिओ दुरुस्त करायचो, आणि झिजलेली जागा बघायची खोड तेव्हापासूनची आहे. चिकटपट्टी जिथं रोज चिकटते तिथले मऊ तंतू दबतात. या पट्ट्याच्या दबलेल्या खुणा अगदी आतल्या बाजूला होत्या, बारीक दंडावर बसतात तशा.

"आई कशा होत्या अंगाने?"

"भरलेली. का?"

"सहज."

आणखी एक गोष्ट होती. पट्ट्याच्या मोकळ्या टोकावर ओळीने बारीक खळगे पडले होते. मी भिंगाखाली धरलं. दातांच्या खुणा. वर तीन, मग एका दाताची जागा रिकामी, मग दोन.

"घरात लहान मूल आहे? कुत्रं?"

"नाही. कुणीच नाही. बाबा आहेत, ते दोन वर्षांपासून अंथरुणावर. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. एक मावशी येतात त्यांचं करायला. आणि आता आठवडाभर बहीण राहतेय." 'बहीण' म्हणताना त्याचा आवाज बदलला. "तिलाच विचारा कोण मोजत होतं ते."

आमचे मॅनेजर मागून सगळं ऐकत होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. खोकं नसेल आणि प्रकरण नाजूक असेल तर घरी जाऊन पाहणी करायची, असा दुकानाचा नियम आहे. आजवर तो मी दोनदाच वापरला होता, दोन्ही वेळा फ्रिजसाठी.

"जाऊन या, काका," ते म्हणाले. "आणि मिटवा."

दुपारी मी निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात एक बाई काउंटरपाशी येऊन उभी राहिली. भावाचंच नाक, भावाचेच डोळे, फक्त रडून सुजलेले.

"ते मशीन मी आणलं होतं," ती म्हणाली. "काका, आई गेल्यावरही मी त्याचा आवाज ऐकलाय."

३

मी तिला आतल्या खोलीत बसवलं. तिथं परत आलेल्या वस्तूंचे ढीग असतात, बसायला दोनच स्टुलं. तिने पाणी घेतलं नाही.

"मी बाहेरच्या खोलीत झोपते. मंगळवारी सकाळी डोळा लागला होता माझा, आणि तो गुरगुरण्याचा आवाज आला. आई मोजतेय, असं वाटून मी पुन्हा झोपलेसुद्धा. मग आठवलं. भास झाला असेल म्हणून कुणाला बोलले नाही. बुधवारी पुन्हा आला."

"आवाज कुठून?"

"बाबांच्या खोलीतून. मशीन तिथंच असायचं. दार ढकललं तर बाबा पडलेले, मशीन टेबलावर, जिथल्या तिथं."

मी तिला खोक्याबद्दल विचारलं. तिने ते स्वतः उघडलं होतं, आईच्या मांडीवर ठेवून. त्यानंतर पाहिलं नव्हतं.

"आई खोकी टाकायच्या?"

"छे. आई काहीच टाकायची नाही. चपलांची खोकीसुद्धा तिने जपून ठेवलीत. एवढं एकच नेमकं सापडत नाही." तिने ओढणीच्या टोकाला गाठ मारली, सोडली. "काका, मला खरं सांगा. मशीन खराब असेल तर तसंच सांगा. दादा म्हणतो ते मी सहन करेन. पण मला माहीत नाही, हे सहन होत नाहीये. मी दोन दुकानं फिरले, हे मला बरं वाटलं म्हणून घेतलं. तिला वापरायला सोपं. मोठे आकडे. बस्स, एवढंच बघितलं मी."

"अजून मी काही सांगत नाही, ताई. पण त्या खोक्यासाठी मी एवढा का अडून बसतो ते सांगतो. या कंपनीच्या मशीनच्या खोक्याला आतून झाकणावर एक तक्ता छापलेला असतो. दहा ओळी. तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, शेरा. कुणी भरत नाही. बहुतेकांना तो असतो हेच माहीत नसतं."



"आई माहितीपत्रकाची पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पारायणं करायची," ती म्हणाली. "मिक्सरचं सुद्धा."

म्हणजे तक्ता भरला असणार. मशीनमधल्या जुन्या नोंदी कधीच पुसल्या गेल्या होत्या, पहिल्या दिवसांचं खरंखोटं आता त्या झाकणावरच राहिलं होतं. आणि जी बाई चपलांची खोकी टाकत नव्हती, तिच्या घरातून तेवढंच एक नाहीसं झालं होतं.

४

घर दुसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद, कठड्याला नवा रंग. दार उघडलं ते मावशींनी. साठीच्या, कमरेला नॅपकिन खोचलेला, बोलण्यात कुणाची भीड नाही.

"खोक्याचं विचारायला आलात? मी टाकलेलं नाही, आधीच सांगते. थोरले साहेब दोनदा बोलले मला. मी इथं माणूस सांभाळायला येते, रद्दी चोरायला नाही."

मी म्हटलं, चोरीचं कुणी बोलतच नाहीये. तेव्हा त्या जरा निवळल्या.

"तुम्ही सकाळी कधी येता?"

"आठला. तोवर बाईंचं सगळं आवरलेलं असायचं. साहेबांचं तोंड धुऊन, केस विंचरून, चहा पाजून. सात ते साडेसात मात्र दार लावून दोघं आतच. मी एकदा लवकर आले तर बाहेर ताटकळत बसवलं मला. मी थट्टा केली, या वयात काय हो हे! तर बाई लाजल्या." बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला आणि त्यांनी नॅपकिनने नाक पुसलं. "चांगल्या होत्या हो. फार दमायच्या. जिना चढून आल्या की भिंतीला धरून उभ्या राहायच्या. म्हटलं, डॉक्टरांकडे चला. तर म्हणायच्या, मशीन रोज ठीक सांगतंय ना."

थोरला मागे उभा राहून हे ऐकत होता. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात होती. भाऊ-बहीण एकमेकांकडे बघत नव्हते. एकाच घरात दोन माणसं अशी वावरत होती, जणू मधे एखादं भलंमोठं कपाट ठेवलंय.

"साहेब, ते फोटो पुन्हा दाखवाल?"

या वेळी मी आकडे पाहिलेच नाहीत. कडा पाहिल्या. जवळजवळ प्रत्येक फोटोत डावीकडे वर एक चकचकीत आडवी नळी दिसत होती, बोटभर जाडीची.

"हे काय आहे?"

त्याने मोठं करून पाहिलं. "बाबांच्या पलंगाचा कठडा. पडू नयेत म्हणून लावलेला."

"आई खुर्चीत बसून मोजायच्या ना?"

"हो. म्हणजे... तसंच असणार."

"बाबांना भेटू?"

खोलीत औषधांचा आणि पावडरचा वास होता, आणि खिडकी उघडी होती. म्हातारे उशीला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर निपचित. डावा हात बारीक, पण जिवंत, चादरीची घडी चाचपत होता. पलंगाशेजारी छोटं टेबल, त्यावर पाण्याचं भांडं आणि एका फुलाफुलांच्या कागदाने मढवलेल्या डब्यात कंगवा, चष्मा, गोळ्यांच्या पट्ट्या.

"बाबा, हे दुकानातले काका आहेत," धाकटी म्हणाली.

"बरं," म्हातारे म्हणाले.

"तेवढा एकच शब्द राहिलाय त्यांना," थोरल्याने हलक्या आवाजात सांगितलं. "भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं."

मी पिशवीतून मशीन काढलं.

म्हाताऱ्यांनी ते पाहिलं आणि त्यांचा डावा हात कठड्यावरून पुढे आला. ते हसले. खरंच हसले, तोंडभर, आणि मला त्यांचे वरचे दात दिसले. तीन, मग एक जागा रिकामी, मग दोन.

५

मी खुर्ची ओढून बसलो. उभ्याने सांगण्यासारखं नव्हतं ते.

"ताई, बाबांचे ठोके नियमित असतात?"

"नाही. झटका आल्यापासून अनियमित आहेत. त्याचीच तर ती पिवळी गोळी."

"आणि त्यांचं प्रेशर?"

"गोळ्यांवर छान असतं. एकशे पंचवीसच्या आसपास."

ती हे म्हणाली आणि तिथंच गप्प झाली. तिच्या ध्यानात आलं होतं. थोरल्याच्या नाही, किंवा त्याला येऊ द्यायचं नव्हतं.

"साहेब, तुमची तक्रार खरी होती," मी त्याला म्हणालो. "ते चिन्ह आईच्या दंडावर यायला नको होतं. मी मोजलं तर आलं नाही. म्हणजे मशीन उगाच चिन्ह दाखवत नाही, ठोके चुकतात तिथंच दाखवतं. पट्टा बारीक दंडावर बसत होता, आईंचा दंड भरलेला. फोटोत खुर्ची दिसत नाही, पलंगाचा कठडा दिसतो. आणि सात ते साडेसात दार लावलेलं. आई रोज मोजत होत्या. पट्टा मात्र या हाताला बांधत होत्या." मी म्हाताऱ्यांच्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं.

"मग आई गेल्यावर?" थोरला ओरडलाच. "मंगळवारी कोणी बांधला? यांचा तर एकच हात चालतो! डाव्या दंडाला पट्टा बांधायला उजवा हात नको?"

"दात आहेत."

मी पट्टा गोल करून म्हाताऱ्यांच्या हातात दिला. त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी आधी हात त्या गोलात घातला, कठड्यावर घासत घासत पट्टा दंडापर्यंत सरकवला, मान वळवून मोकळं टोक दातांत धरलं आणि जोर लावून ओढलं. पहिल्यांदा सुटलं. दुसऱ्यांदा हनुवटीने दाबून चिकटवलं. मग हात टेबलावर नेऊन बटण दाबलं आणि डोळे मिटून पडून राहिले. मशीन गुरगुरायला लागलं. पट्टा फुगत गेला, दंड आवळत गेला, आणि म्हाताऱ्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

मला तेव्हा कळलं. बायको रोज सकाळी याच वेळी त्यांच्याजवळ बसायची, दंड हातात घ्यायची. ती गेल्यावर तेवढी पकड या पट्ट्यात उरली होती. आणि शुक्रवारी मुलाने तीही पिशवीत घालून नेली होती.

स्क्रीनवर एकशे तीस आलं, आणि शेजारी हृदयाचं चिन्ह.

"का पण?" थोरला म्हणाला. आवाज पार बसला होता. "आई असं का करेल?"

त्याचं उत्तर कुठं असेल, ते मला दिसत होतं. चाळीस सेंटिमीटरचं असो की वीतभर, खोकं मी मढवलेलं असलं तरी ओळखतो. त्या फुलाफुलांच्या डब्याच्या एका बाजूला, बोट घालून ओढायला असते तशी, अर्धगोल खाच होती.

६

मी कंगवा, चष्मा, गोळ्या एक एक करून बाहेर काढल्या. म्हाताऱ्यांचा हात खोक्याच्या कडेवर आला आणि घट्ट बसला.

"मी नेणार नाही," मी म्हणालो. "नुसतं बघणार आहे. बघू ना?"

त्यांनी मुलाकडे पाहिलं. मग मुलीकडे. बराच वेळ.

"बरं," म्हणाले, आणि हात काढला.

झाकण तळाशी घडी करून ठेवलं होतं, छापील बाजू वर. तक्ता पेन्सिलीने भरलेला. अक्षर गोल, आकडे एकाखाली एक. मी वाचून दाखवलं नाही, धाकटीच्या हातात दिलं. तिने भावाला जवळ बोलावलं नाही, पण झाकण असं धरलं की त्यालाही दिसावं.

चार तारखेपासून बारा तारखेपर्यंत नऊ ओळी. एकशे अडुसष्ट. एकशे बहात्तर. एकशे सत्तर. असं चढत चढत बारा तारखेला एकशे अठ्ठ्याऐंशी. शेऱ्यात कुठं 'डोकं जड', कुठं 'जिन्यात चक्कर'.

दहाव्या ओळीत आकडे नव्हते. शेऱ्याच्या जागेत तेवढं लिहिलं होतं: 'उद्यापासून यांचा हात.'

धाकटी खाली बसली, पलंगाच्या पायाशी, जमिनीवरच. मशीनने पहिल्या दिवसापासून खरं सांगितलं होतं. तिने आणलेली वस्तू बरोबर होती, आई ते वाचून, लिहून, झाकणात मिटून ठेवत होती.

"बारा तारीख," थोरला म्हणाला. "बारा तारीख माझा वाढदिवस."

त्याने पलंगाचा कठडा धरला.

"जेवायला आलो होतो इथं. आईने सगळं माझ्या आवडीचं केलं होतं. वाढताना तिला चक्कर आली, तिने ओट्याला धरलं. मी म्हटलं..." तो थांबला. त्याने तोंडावरून हात फिरवला. "मी म्हटलं, उद्यापासून रोज मोजून फोटो पाठव. आणि जरा जरी वर गेलं ना, तर बाबांना शुश्रूषा केंद्रात ठेवायचं. तुला झेपत नाहीये. मी चौकशी करून आलोय, जागा आहे. तिच्या काळजीपोटीच म्हटलं हो मी. ती म्हणाली, अरे पण यांना बोलता येत नाही, तिथं यांना काय हवंय ते कोण ओळखेल? मी म्हटलं, ते बघू."

मावशी दारात येऊन उभ्या होत्या. नॅपकिन तोंडावर दाबून धरला होता.

"तुम्हाला ठाऊक होतं?" त्याने वडिलांना विचारलं. "बाबा, रोज तुमच्या हाताला बांधत होती, तुम्हाला ठाऊक होतं ना? का नाही काही केलंत? ओरडायचं होतं, भांडं फेकायचं होतं!"

म्हातारे त्याच्याकडे बघत राहिले. ओठ हलले, पुन्हा हलले. मानेच्या शिरा ताठ झाल्या. काहीतरी मोठं, लांबलचक सांगायचं होतं त्यांना, दोन वर्षांचं साठलेलं, आणि त्याला बाहेर यायला वाट एकच होती.

"बरं," ते म्हणाले. आणि पुन्हा, रडत रडत, "बरं. बरं. बरं."

धाकटीने उठून त्यांचं डोकं पोटाशी धरलं.

७

फॉर्म माझ्या खिशातच होता, शिक्काही. मी तो टेबलावर पसरला, पेन काढलं. निर्दोषच्या चौकोनावर खूण करायची, एवढंच काम होतं. मशीन निर्दोष, बहीण निर्दोष.

थोरल्याने माझं मनगट धरलं.

"काका," तो म्हणाला, "सदोष लिहा ना."

सकाळीही त्याने हेच मागितलं होतं. पण सकाळी त्याला बहिणीसाठी हवं होतं, आता स्वतःसाठी. मशीन बिघडलेलं असतं तर त्याला जगता आलं असतं. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याची बोटं गार पडली होती.

धाकटी वडिलांपासून दूर झाली. तिने भावाकडे पाहिलं, सोमवारनंतर पहिल्यांदाच असेल. पाच दिवस त्याने तिला जे ऐकवलं होतं ते सगळं तिच्या चेहऱ्यावर होतं, आणि ते परत त्याला ऐकवायची हीच वेळ होती.

"लिहा, काका," ती म्हणाली. "सदोष लिहा. मीच आणलं होतं, माझ्या नावावर राहू दे."

थोरल्याने तिच्याकडे पाहिलं आणि तो मोडला. पन्नाशीचा माणूस कठड्यावर कपाळ टेकून हुंदके देऊ लागला. धाकटी त्याच्याजवळ गेली नाही, पण तिने हात लांब करून त्याच्या पाठीवर ठेवला.

"तुझं मशीन बरोबर होतं," तो म्हणाला. रडण्यात शब्द नीट उमटले नाहीत, पण तिला कळले, मलाही कळले. "बरोबर होतं ते."

मी पेन हातात धरून बसलो होतो. सदोष लिहिलं तर खोटं, आणि ते खोटं एका बाईच्या माथी जन्मभर. निर्दोष लिहिलं तर खरं, आणि तो शिक्क्याचा कागद मुलाच्या घरात जन्मभर. शिवाय दोन्हींत मशीन माझ्या पिशवीतून दुकानात जाणार, तपासणी झालेली वस्तू कंपनीकडे जाते, नियमच आहे. म्हाताऱ्यांचा पट्टा अजून दंडालाच होता. त्यांनी तो काढू दिला नव्हता.

मी कंगवा, चष्मा, गोळ्या परत खोक्यात ठेवल्या. झाकण तळाशी, होतं तसंच, पण या वेळी मजकूर खाली करून. मशीन म्हाताऱ्यांच्या डाव्या हाताला पोचेल असं टेबलावर सरकवलं. मावशींना म्हटलं, उद्यापासून सातला येत जा, पट्टा बांधून द्या, दातांनी ओढू देऊ नका. त्या म्हणाल्या, पावणेसातलाच येते.

मग मी फॉर्म पुढे ओढला. दोन्ही चौकोन कोरे सोडले. सगळ्यात खाली, वस्तू परत न घेण्याचं कारण लिहायची जी एक ओळ असते, तिथं लिहिलं: 'मूळ खोकं मिळालं नाही.'

सही केली, शिक्का मारला. एकतीस वर्षांत फॉर्मवर लिहिलेलं माझं ते पहिलं खोटं. लिहिताना खोकं माझ्या कोपराला लागत होतं.